रशियाचा ‘एन-१’ चंद्रबाण : बखर, रोजनिशी व अवशेष

चंद्रावर माणूस उतरविण्याच्या हेतूनें बांधलेला एक प्रचंड अग्निबाण सोव्हिएत रशियानें १९६९ ते १९७२ या काळांत चार वेळां उडविला आणि चारही वेळां तो पहिल्या टप्प्याचें जळण संपण्यापूर्वींच नष्ट झाला, ही गोष्ट आतां सर्वश्रुत आहे. परंतु ती सर्वश्रुत होण्यास फार वर्षें लागलीं. १८ ऑगस्ट १९८९ रोजीं ‘इझ्वेस्तिया’ पत्रांत सेर्गेइ लेस्कोव्ह या वार्ताहराचा लेख प्रसिद्ध होईपर्यंत, अशी शर्यत आम्हीं कधीं धांवलोंच नाहीं, अशीच सोव्हिएत सरकारची जाहीर भूमिका होती. जी घटना खुद्द राज्यकर्त्यांनीं वीस वर्षें नाकारली तिचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, आणि तीं साधनें परस्परांशीं जुळत नाहींत तेव्हां कोणत्या साक्षीदाराचें कितपत ऐकावयाचें, हा प्रश्न या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. विषय दूरदेशचा आणि अलीकडचा आहे. छाननीची रीत मात्र घरचीच आहे.

कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड बाहेर काढला, तेव्हांपासून समकालीन अस्सल कागद आणि मागाहून रचलेली बखर यांतील तरतमभाव आपल्याकडे चांगला रुजला आहे. प्रस्तुत प्रकरणांत या दोन्ही जातींचीं साधनें मिळतात. त्यांखेरीज तिसरी एक जात आहे, ती म्हणजे प्रत्यक्ष वस्तु. ती बोलत नाहीं, पण तिला पुन्हा पेटवून पाहतां येतें. आणि येथें तसें प्रत्यक्षांत घडलें आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप सांगतों. मराठी कागदांत ‘बाण’ व ‘बाणदार’ हे शब्द वारंवार येतात. तो बाण म्हणजे लोखंडी नळींत दारू ठासून ती वेळूच्या काठीस बांधलेली. तत्त्व तेंच, परंतु एन-१ची उंची सुमारें १०५ मीटर, तळाची रुंदी सुमारें १७ मीटर आणि भरलेल्या बाणाचें वजन पावणेतीन हजार टनांच्या आसपास होतें. दारूच्या ठिकाणीं घासलेट व अतिशय थंड करून द्रव केलेला प्राणवायु. पहिल्या टप्प्याच्या तळाशीं तीस इंजिनें : चोवीस बाहेरच्या वर्तुळांत आणि सहा आंत. प्रत्येकाचा रेटा सुमारें दीडशें टन, म्हणजे एकूण साडेचार हजार टनांवर. अमेरिकेच्या ‘सॅटर्न-५’ या बाणाच्या पहिल्या टप्प्याचा रेटा सुमारें ३४०० टन होता, आणि तो पांचच इंजिनें मिळून देत असत. तीस आणि पांच या दोन आंकड्यांत पुढील पुष्कळसा इतिहास सामावलेला आहे.

तीस इंजिनें कां, याचें उत्तर दोन माणसांच्या भांडणांत आहे. सोव्हिएत बाणविद्येचा मुख्य कर्ता सेर्गेइ कोरोलेव्ह आणि इंजिनांचा अग्रगण्य कारागीर वालेंतिन ग्लुश्को यांचें जळणावरून बिनसलें. ग्लुश्कोला भेटतांक्षणींच आपोआप पेट घेणारीं विषारी रसायनें हवीं होतीं. कोरोलेव्ह घासलेट व प्राणवायु सोडावयास तयार नव्हता. ग्लुश्कोनें इंजिनें देण्याचें नाकारल्यावर कोरोलेव्हनें कुइबिशेव्ह (आजचें समारा) येथील निकोलाइ कुझ्नेत्सोव्ह यास गांठलें. हा गृहस्थ विमानांच्या इंजिनांत निष्णात. बाणांच्या इंजिनांचा अनुभव त्याला फारसा नव्हता, आणि सॅटर्नच्या इंजिनाएवढें अवाढव्य इंजिन घडविण्याची साधनसामुग्रीही नव्हती. म्हणून लहान इंजिनें आणि तीं पुष्कळ. प्रारंभीं चोवीस ठरलीं होतीं. चंद्राचा बेत वाढतांच तीस झालीं.

लहान म्हणून तीं सामान्य होतीं असें मात्र नव्हे. इंजिनांतील पंप फिरविण्यासाठीं थोडें जळण आधीं जाळावें लागतें. अमेरिकन ‘एफ-१’ इंजिनांत तो धूर पंप फिरवून झाल्यावर मुख्य ज्वाला-कोठींत न जातां वायांच जाई. कुझ्नेत्सोव्हच्या ‘एनके-१५’ मध्यें तोच प्राणवायूनें भरलेला तप्त वायु पुन्हा ज्वाला-कोठींत नेऊन जाळीत, त्यामुळें जळणाचा कण वायां जात नसे. तप्त प्राणवायु धातूला खाऊन टाकतो, सबब ही रचना व्यवहारांत टिकणार नाहीं, अशी पश्चिमेकडील तज्ज्ञांची समजूत होती. ती चुकीची ठरली.

दोष होता तो परीक्षेच्या पद्धतींत. एनके-१५ च्या कांहीं झडपा दारूच्या लहान स्फोटानें उघडणाऱ्या होत्या. एकदां उघडल्या कीं उघडल्या. अर्थात् जें इंजिन पेटवून पाहिलें तें पुन्हा बाणास बसवितां येत नसे. म्हणून सहा-सहा इंजिनांच्या तुकड्या करीत. प्रत्येक तुकडींतून दोन काढून जाळून पाहत. तीं उतरलीं तर उरलेलीं चार न जाळतांच बाणास लागत. शितावरून भाताची परीक्षा ही रीत स्वयंपाकघरांत निर्दोष आहे, कारण सर्व शितें एकाच पातेल्यांत एकाच आंचेवर शिजलेलीं असतात. हातानें जुळविलेल्या यंत्रांस ती लावणें धाडसाचें होतें.

याहून मोठी उणीव ही कीं, तीस इंजिनांचा संपूर्ण पहिला टप्पा जमिनीस जखडून एकदांही पेटविला गेला नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांच्या अशा चांचण्या मॉस्कोच्या ईशान्येस झागोर्स्क येथें झाल्या. पहिला टप्पा इतका रुंद कीं, तो आगगाडीनें कोठेंच नेतां येत नसे. त्याची जुळणीच बैकनूरच्या मैदानांत होई. तेव्हां चांचणीचें ठाणेंही तेथेंच उभारावें लागलें असतें आणि त्यास पैसा व अवधि दोन्ही लागले असते. कोरोलेव्हचा चांचणीखात्यांतील सहायक लेओनीद व्होस्क्रेसेन्स्की यानें अशा ठाण्यासाठीं पुष्कळ आग्रह धरला. तो मान्य झाला नाहीं आणि तो त्या कामावरून दूर झाला. १९६५ च्या डिसेंबरांत त्याचा मृत्यु झाला. पुढच्याच महिन्यांत, १४ जानेवारी १९६६ रोजीं, शस्त्रक्रियेच्या वेळीं कोरोलेव्हही वारला. ठाण्याच्या वादांतले दोन्ही पक्षकार पहिल्या उड्डाणापूर्वी तीन वर्षें नाहींसे झाले होते, ही गोष्ट नंतरच्या आठवणी वाचतांना सतत ध्यानांत ठेवावी. मेलेल्या माणसावर दोष टाकणें सोपें असतें, आणि त्याला द्रष्टा ठरविणेंही तितकेंच सोपें असतें.

त्याच वर्षांत अमेरिकन काय करीत होते तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. एफ-१ इंजिन आरंभीं भयंकर होतें. इतक्या मोठ्या ज्वाला-कोठींत ज्वाला एकसारखी न जळतां हेलकावे खाऊं लागे आणि क्षणार्धांत इंजिन फाडून टाकी. २८ जून १९६२ रोजीं कॅलिफोर्नियांतील एडवर्ड्स येथें असेंच एक इंजिन नष्ट झालें. यावर केवळ गणितानें उपाय सांपडेना. मग त्यांनीं चालू इंजिनाच्या ज्वाला-कोठींत मुद्दाम लहान बाँब फोडून हेलकावे उत्पन्न केले आणि ते किती लवकर शमतात हें मोजलें. जळण आंत सोडणाऱ्या सच्छिद्र तबकडीवर तांब्याचे आडवे-उभे बांध घालून, छिद्रांचे कोन बदलून, पुन्हा पुन्हा बाँब फोडून पाहिले. अखेर हेलकावा सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत आपोआप विझूं लागला. १६ एप्रिल १९६५ रोजीं हंट्सव्हिल येथें पांचही इंजिनांचा संपूर्ण टप्पा साडेसहा सेकंद एकदम पेटविला गेला. पुढें उडणारा प्रत्येक पहिला टप्पा आधीं जमिनीवर पेटवून मगच रवाना होई. १९६७ ते १९७३ या काळांत सॅटर्न-५ तेरा वेळां उडाला. पहिला टप्पा एकदांही गमावला नाहीं. (सॅटर्नचे आराखडे अमेरिकनांनीं जाळून टाकले, अशी एक दंतकथा वरचेवर ऐकूं येते; ती निराधार आहे. आराखडे सूक्ष्मफितींवर जतन आहेत. जें जतन झालें नाहीं तें जोडारी कारागिरांच्या हातांत होतें. प्रत्येक इंजिनाच्या जोडणींत त्यांनीं केलेले बारीकसारीक फेरफार कागदावर उतरलेच नव्हते. म्हणून १९६० च्या दशकांतील एक जुनें इंजिन हंट्सव्हिलच्या तरुण यंत्रज्ञांनीं खोलून मोजलें आणि जानेवारी १९१३ च्या बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे जानेवारी २०१३ मध्यें, त्याच्या पंप चालविणाऱ्या वायु-कोठीस पुन्हा पेटविलें.)

आतां चार उड्डाणें. पहिलें २१ फेब्रुवारी १९६९ रोजीं झालें. ‘कोर्द’ नांवाची एक विजेची देखरेख-यंत्रणा तीसही इंजिनांवर नजर ठेवी आणि एखादें बिघडलें तर तें व समतोलासाठीं त्याच्या समोरचें अशीं दोन बंद करी. तिनें उड्डाणाच्या आरंभींच चुकीच्या संकेतावरून दोन धडधाकट इंजिनें बंद केलीं. पुढें कंपानें नळी फुटून तळाशीं आग लागली, आणि ६९ व्या सेकंदाच्या सुमारास यंत्रणेनें सर्वच इंजिनें विझविलीं. दुसरें उड्डाण ३ जुलै १९६९ चें. बाण तळापासून उचलला जातांच आठव्या क्रमांकाच्या इंजिनाचा प्राणवायु-पंप फुटला, एक वगळून सर्व इंजिनें बंद पडलीं आणि जळणानें भरलेला तो मनोरा उलटून उड्डाणतळावरच कोसळला. तळ बेचिराख झाला. तेरा दिवसांनीं अमेरिकनांचें ‘अपोलो-११’ चंद्राकडे निघालें. तिसऱ्या उड्डाणांत तीसही इंजिनें व्यवस्थित चाललीं. परंतु तळाखालीं ज्वालांचे भोवरे उत्पन्न होऊन बाण स्वतःभोंवतीं फिरूं लागला व तो आवरेना. चौथें २३ नोव्हेंबर १९७२ रोजीं झालें. तें १०७ सेकंद टिकलें, आणि पहिला टप्पा सुटण्यास अवघीं थोडीं सेकंदें उरलीं असतां संपलें.

तारखांविषयीं एक सूचना. तिसऱ्या उड्डाणाची तारीख कोठें २६ जून, कोठें २७ जून १९७१ अशी आढळते. हीं दोन उड्डाणें नव्हेत, किंवा लेखकप्रमादही नव्हे. मॉस्कोच्या घड्याळानें तेव्हां २७ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचे सवादोन झाले होते. ग्रिनिचच्या घड्याळानें २६ तारखेचे सवाअकरा. दुसऱ्या उड्डाणाच्या वेळीं मॉस्कोंत ३ जुलैची रात्र होती, पण पूर्वेकडील बैकनूरांत ४ जुलै लागली होती. तिथि सूर्योदयापासून धरावी कीं मध्यरात्रीपासून, यावर शकावल्यांत झालेले घोटाळे ज्यांनीं निस्तरले आहेत त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

या सर्व हकीकतीचीं लेखी साधनें मुख्यतः तीन. पहिलें, हवाईदलाचा सेनापति निकोलाइ कमानिन याची रोजनिशी. अंतराळवीरांच्या शिक्षणाचा तो प्रमुख होता. रोजनिशी त्या त्या दिवशीं लिहिलेली, आणि ती १९९५ पासून चार भागांत छापली गेली. समकालीनत्वाच्या दृष्टीनें हिचा मान पहिला. परंतु कमानिन हा हवाईदलाचा माणूस. कोरोलेव्हचा वारस वासिली मिशिन याच्याविषयीं त्याचें मत अत्यंत प्रतिकूल होतें, आणि १९७१ सालीं तो त्या कामावरून दूर झाल्यामुळें चौथ्या उड्डाणाविषयीं त्याची साक्ष आंतल्या माणसाची राहत नाहीं. अस्सल कागद म्हणजे निःपक्ष कागद नव्हे, हें आपल्या वकिलांच्या पत्रव्यवहारावरूनही दिसतेंच. दुसरें साधन खुद्द मिशिनच्या टांचणवह्या. या वह्या १९९३ सालीं न्यूयॉर्क येथें लिलावांत विकल्या गेल्या. कामाच्या घाईंत खरडलेल्या या नोंदी तुटक आहेत, आणि म्हणूनच त्या मोलाच्या आहेत. १९९० सालीं त्याच मिशिननें आपण चंद्रावर कां गेलों नाहीं या विषयावर एक पुस्तिका छापली. ती मात्र कैफियत आहे, आणि कैफियत म्हणूनच वाचावी. वह्या व पुस्तिका एकाच हातच्या असल्या तरी एकाच तोलाच्या नाहींत.

तिसरें साधन बोरिस चेर्तोक याचा ‘रॉकेटें आणि माणसें’ हा चार भागांचा ग्रंथ. तो १९९० च्या दशकांत, म्हणजे घटनेनंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं, प्रसिद्ध झाला. हा आमच्या मतें बखरीचा उत्कृष्ट नमुना होय. भाषा रसाळ, माणसें जिवंत, सभांतील भाषणें जशींच्या तशीं दिलेलीं. आणि हीं जशींच्या तशीं दिलेलीं भाषणेंच प्रथम संशयानें पाहावीं. शिवाय नियंत्रणयंत्रणा हें चेर्तोकचेंच खातें होतें, म्हणजे पहिल्या दोन उड्डाणांत जिनें घात केला त्या ‘कोर्द’विषयीं तो त्रयस्थ साक्षीदार नव्हे. असें असूनही त्यानें आपल्या खात्याचे दोष झांकलेले नाहींत. ही त्याच्या प्रामाणिकपणाची खूण आम्ही मानतों. अलीकडील इंग्रजी ग्रंथांत चेर्तोकचीं वाक्यें पुराव्यादाखल सरसकट उद्धृत होतात, तें मात्र योग्य नाहीं. या तिघांखेरीज अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनीं वरून काढलेलीं छायाचित्रें आहेत. त्यांपैकीं १९६० ते १९७२ मधील एक मोठा संग्रह १९९५ सालीं खुला झाला. बैकनूरचे दोन्ही उड्डाणतळ आणि पुढें त्यांपैकीं एकाची झालेली राखरांगोळी हीं त्या चित्रांत दिसतात. रशियन सरकार जें नाकारीत होतें तें शत्रूच्या दप्तरांत बिनचूक नोंदलेलें होतें. मराठ्यांच्या इतिहासास फारसी अखबार व इंग्रज वखारींचे कागद जसे उपकारक, तसेंच हें.

खरा तंटा आहे तो दुसऱ्या व चौथ्या उड्डाणांच्या कारणांविषयीं. १९६९ मध्यें आठव्या इंजिनाचा पंप कां फुटला? एक पक्ष म्हणे, टाकींतून धातूचा परका तुकडा वाहत येऊन पंपांत अडकला. दुसरा म्हणे, पंपाच्याच घडणींत दोष होता. पहिलें मत कुझ्नेत्सोव्हच्या कारखान्यास सोईचें, दुसरें बाण बांधणाऱ्यांस. पुढील बाणांत पंपांच्या तोंडाशीं गाळण्या बसविल्या, यावरून पहिलें मत निदान धोका म्हणून मान्य झालें असें दिसतें. तेंच कारण होतें हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. १९७२ मध्यें पुनः तीच फाटाफूट झाली. आंतलीं सहा इंजिनें ठरल्याप्रमाणें बंद केल्यानंतर थोड्याच वेळांत तळाशीं स्फोट झाला. मिशिनच्या पक्षाचें म्हणणें, चौथ्या क्रमांकाच्या इंजिनाचा पंप फुटला. कुझ्नेत्सोव्हच्या पक्षाचें म्हणणें, इंजिनें शेवटच्या क्षणापर्यंत निर्दोष होतीं, सहा इंजिनें एकदम बंद केल्याच्या धक्क्यानें नळ्या फुटल्या. दोन्ही पक्षांपुढें दूरमापनाच्या त्याच फिती होत्या. आमचें मत असें कीं, हा वाद मिटविण्याचें एकमेव साधन म्हणजे व्होस्क्रेसेन्स्कीनें मागितलेलें ठाणेंच होतें. सहा इंजिनें एकदम बंद झाल्यावर नळ्यांचें काय होतें, हें तेथें जमिनीवर मोजतां आलें असतें. मात्र त्या ठाण्यानें सर्वच संकटें टळलीं असतीं हें म्हणणें अतिरेकाचें आहे. तिसऱ्या उड्डाणांतील फिरकी जमिनीस जखडलेल्या बाणांत लक्षांत आली असती कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

मे १९७४ मध्यें मिशिनला दूर करून त्याच्या जागीं तोच ग्लुश्को आणला गेला, ज्यानें एन-१ला इंजिनें नाकारलीं होतीं. त्यानें काम बंद पाडलें, आणि दोन वर्षांनीं तें रीतसर रद्द झालें. तयार होत असलेले बाण मोडण्यांत आले. बैकनूरच्या वसाहतींत जुन्या टाक्यांचे व कवचांचे तुकडे मांडवांचीं छपरें म्हणून वापरलेले पाहावयास मिळत. वीरगळ धोब्याच्या दगडास आणि ताम्रपट मोडींत गेलेले ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

इंजिनें मात्र वांचलीं. आठव्या क्रमांकाच्या बाणासाठीं कुझ्नेत्सोव्हनें सुधारलेलीं ‘एनके-३३’ इंजिनें केलीं होतीं. हीं एकदां पेटवून पुन्हा वापरतां येत, म्हणजे तुकडींतून दोन निवडण्याची रीत येथें संपली होती. नष्ट करण्याचा हुकूम आला असतां त्यानें तीं मोडलीं नाहींत. कोठारांत ठेवून दिलीं. वीस वर्षांनीं अमेरिकन ‘एरोजेट’ कंपनीनें त्यांतलीं तीसहून अधिक, प्रत्येकी सुमारें अकरा लाख डॉलरांस, विकत घेतलीं. कुझ्नेत्सोव्ह १९९५ सालीं वारला. अमेरिकेंत नवें नांव घेतलेलीं हीं इंजिनें २१ एप्रिल २०१३ रोजीं ‘अँटारिस’ बाणाखालीं प्रथम उडालीं. रशियांतही त्याच वर्षीं २८ डिसेंबरास एनके-३३ बसविलेला एक बाण यशस्वी झाला.

जुन्या वस्तूस जुनेपणाचे रोग असतातच. २०११ सालीं मिसिसिपी येथील चांचणींत एका इंजिनाच्या नळीस तडा गेला. चाळीस वर्षांत धातूस आंतून गंज चढून तो झाला होता. मे २०१४ मध्यें दुसरें एक चांचणीच्या ठाण्यावरच फुटलें. आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजीं व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर अँटारिस उड्डाणानंतर सुमारें पंधरा सेकंदांनीं खालीं कोसळला. कारण : एका इंजिनाच्या प्राणवायु-पंपांत स्फोट. बाण बांधणाऱ्या कंपनीनें इंजिनाकडे बोट दाखविलें. इंजिन पुरविणारी कंपनी परक्या कणांकडे बोट दाखवूं लागली. १९६९ च्या जुलैंतील तोच खटला, तेच दोन पक्ष, जवळजवळ त्याच शब्दांत!

परंतु या वेळीं अवशेष हातीं होते व चौकशी उघड झाली. २०१५ सालच्या सरकारी अहवालांत तीन संभाव्य कारणें नमूद आहेत : पंपांतील तोल सांभाळणाऱ्या जुळणीची मूळ रचना पुरेशी भक्कम नसणें, परके कण आंत जाणें, आणि घडणींतील दोष. तिहींपैकीं एकावर अहवाल स्थिर होत नाहीं. फुटलेल्या इंजिनांत बेअरिंगच्या खोबणीस यंत्रकामांतील एक खोट आढळली, आणि मे महिन्यांत फुटलेल्या इंजिनांतही तशीच आढळली होती, एवढें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. परक्या कणांचा अंशही सांपडला, पण स्फोट घडवील इतका तो होता असें चौकशीकारांना सिद्ध करतां आलें नाहीं.

१९६९ सालच्या आठव्या इंजिनाचा निवाडा यावरून परस्पर लावूं नये. एनके-३३ हें एनके-१५ चें सुधारलेलें अपत्य आहे, तेंच इंजिन नव्हे. तरीही पंपाच्या घडणींत दोष असूं शकतो, हें जें म्हणणें कुझ्नेत्सोव्हचा कारखाना त्या वेळीं ऐकून घेत नव्हता, त्याच्या बाजूनें त्याच कारखान्यांत घडलेल्या दोन इंजिनांची साक्ष आतां नोंदली गेली आहे, आणि ती चेर्तोकच्या ग्रंथानंतरची असल्यामुळें त्या ग्रंथांतील या प्रकरणावर पुन्हा नजर टाकणें प्राप्त आहे.